विसराळू चुंबक

चुंबक जितका लहान, तितका तो विसराळू. हा नियम मला पहिल्यांदा कळला तो संगणकाच्या संदर्भात नव्हे, सह्याद्रीच्या दगडाच्या संदर्भात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा निवला, तेव्हा त्यातल्या लोहयुक्त कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राला धरून वळलं आणि तसंच राहिलं. पुष्कळ थरांतली ती दिशा आजच्या क्षेत्राच्या उलट आहे. १९५० च्या दशकात ती मोजली गेली, आणि लाव्हा वाहत होता तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, याची साक्ष त्या कणांनी दिली.

एवढा काळ त्यांनी दिशा जपली कशी? फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४९ मध्ये, भाजलेल्या मातीच्या चुंबकत्वाचा विचार करताना, याचं गणित मांडलं. कणाच्या चुंबकत्वाला दोन दिशा सोयीच्या असतात, दोन दऱ्यांसारख्या, आणि मध्ये ऊर्जेची खिंड. उष्णता त्याला सतत धक्के देते, साधारण दर नॅनोसेकंदाला एक. खिंड औष्णिक ऊर्जेच्या ४० पट उंच असेल, तर ती ओलांडायला सरासरी सात-आठ वर्षं लागतात. ६० पट असेल, तर साडेतीन अब्ज वर्षं! उंची नुसती दीडपट, आणि काळ मात्र माणसाच्या आवाक्यातून निसटून पृथ्वीच्या वयाजवळ जातो. या आकड्यांपाशी मी अजूनही थबकतो.

कण लहान केला की खिंड खचते. संगणकाची चुंबकीय मेमरी घडवणाऱ्यांनी म्हणूनच उष्णतेच्या या थरथरीशी कायम झुंज दिली. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शुन्सुके फुकामी आणि हिदेओ ओनो, अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात सुप्रियो दत्ता आणि त्यांचे सहकारी यांनी मात्र खिंड मुद्दाम खचवली. दोन चुंबकीय थर, मध्ये जेमतेम नॅनोमीटरभर मॅग्नेशियम ऑक्साइड. एक थर स्थिर. दुसरा खोलीतल्या साध्या उबेनेच कधी या दिशेला, कधी त्या. दोन्ही थर एका दिशेला असले की विद्युतरोध कमी, विरुद्ध असले की जास्त. शून्य आणि एक यांच्यात असा सतत हिंदकळणारा हा पी-बिट. विद्युतदाब बदलून त्याचा कल वळवता येतो, पण त्याला बांधून ठेवायचं नसतं.

२०१९ मध्ये असे आठ पी-बिट एकमेकांना जोडून त्यांनी ९४५ चे अवयव काढले. शाळकरी मूलही पाचाने भागून सुरुवात करील असा हा आकडा. गणित म्हणून त्यात काहीच मोठं नाही. मला मोठं वाटतं ते हे की, इथे उष्णतेला हाकललं नाही. बहुतेक क्वांटम संगणकांना निरपेक्ष शून्याजवळची थंडी लागते. हे आठ जण खोलीच्या तापमानात, त्याच थरथरीच्या बळावर शोध घेत होते. तेव्हा ते मिलिसेकंदांच्या हिशेबाने पलटत. २०२१ मध्ये तोहोकूतच पलटण्याचा काळ ८ नॅनोसेकंदांवर आला.

एका पी-बिटने दिशा बदलली की बाकीच्यांचा कल बदलतो. अवयवांच्या चुकीच्या जोडीपाशी ते फार वेळ टिकत नाहीत, ६३ आणि १५ पाशी जास्त रेंगाळतात. पण तिथेही थांबत नाहीत. उत्तर सोडून जातात, पुन्हा येतात. म्हणून कुठल्या जोडीपाशी त्यांचा किती वेळ गेला, हे बाहेरून मोजत बसावं लागतं.