तू की तुम्ही?

इंग्रजीत एका 'यू'वर सारे भागते; मराठीत मात्र तोंड उघडण्यापूर्वीच नाते ठरवावे लागते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. तिथल्या दिवाळीच्या फराळाला गेलो, तो चकल्यांच्या ताटापलीकडे ती! पुण्यात जिला मी 'तू' म्हणत असे, तीच. मध्ये तीस वर्षे आणि दोन संसार. शेजारी तिचे यजमान. 'तू' म्हणावे तर आगाऊपणा. 'तुम्ही' म्हणायला जीभ वळेना. एवढ्यात तीच म्हणाली, "अहो, चकली घ्या ना!" आणि मला आवडते तशी खरपूस नेमकी वेचून दिली. लग्न झाले असते, तरी तिने मला 'अहो'च म्हटले असते! घरधन्याला आणि परक्याला आपल्या भाषेने एकच हाक ठेवली आहे. त्यांतली ही कोणती, हे विचारायचे नसते.