लाख कुठे गेला, साहेब?

बेलापुरात आमच्या घराच्या पुढल्या भागात वडिलांचे किराणा-भुसाराचे दुकान होते. रात्री फळ्या लागल्या की रोजमेळ उघडला जाई आणि जमा-नावे यांचा मेळ बसल्याशिवाय वडील गादीवरून उठत नसत. फरक राहिला तर ते आधी त्याला नऊने भागून पाहात. भाग गेला, तर कुठेतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असण्याचा संभव. दिवाळीत वहीपूजन झाल्यावर जुन्या वहीतील बाक्या ते स्वतःच्या हाताने नव्या वहीत ओढत. "वही संपते, बाकी संपत नाही," हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

पुढे एम.कॉम. होऊन मी बँकेत अधिकारी झालो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला होता. त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या बँकेने आम्हा काही जणांना निवडून संगणकाची एक भाषा शिकविली. तिचे नाव कोबोल, म्हणजे कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज.

या भाषेची पायाभरणी १९५९ साली अमेरिकेत झाली. तोवर प्रत्येक कंपनीच्या संगणकाची बोली निराळी असे. यंत्र बदलले की सारे काम नव्याने लिहावे लागे. ग्रेस हॉपर या अमेरिकी नौदलातील गणितज्ञ विदुषीचा आग्रह असा की, व्यवहाराचे काम व्यवहाराच्या शब्दांतच लिहिता आले पाहिजे. त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा कोबोलवर मोठा प्रभाव पडला. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. वही बदलली तरी बाकी पुढे ओढता येते, हेच जणू यंत्राच्या जगात सिद्ध झाले.

मराठी माध्यमातून आलेल्या मला ती भाषा परकी वाटली नाही. 'ॲड', 'मूव्ह', 'परफॉर्म' अशी साधी क्रियापदे आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. शिवाय हिशेब दशमान पद्धतीचा. पुष्कळशा संगणकीय भाषा अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितात आणि त्या पद्धतीत दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा भाग, तंतोतंत मांडताच येत नाही. कोबोलमध्ये पैसा हा पैसाच राहतो. मात्र प्रत्येक रकमेसाठी किती घरे राखायची, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवून द्यावे लागते.

इथेच माझी चूक झाली. एका शाखेच्या बचत खात्यांसाठी आज्ञावली लिहिताना मी रुपयांसाठी पाच घरे ठेवली. त्या वेळी शाखेतील एकाही बचत खात्यात लाखभर रुपये नव्हते. सुरुवातीचे काही महिने हाताने लिहिलेली खातेवही आणि संगणकाची यादी अशी दोन्ही कामे समांतर चालत. एका महिन्यात बेरजेत फरक आला, नेमका एक लाखाचा. नऊने भागून पाहिले, भाग जाईना. मी दोन दिवस शोधत राहिलो. शेवटी सर्वांसमक्ष वयोवृद्ध हेडक्लार्कना म्हणालो, "यंत्र चुकत नाही. तुमच्याच खातेवहीत चूक असणार."

ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसून यादीवर बोट फिरवीत बसले. तासाभराने एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या नावावर बोट थांबले. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्यांच्या खात्यात नुकतीच जमा झाली होती आणि ते व्हाउचर हेडक्लार्कनी स्वतः खतावले होते. वहीत १,०५,३४०.५०, यादीत ५,३४०.५०. "लाख कुठे गेला, साहेब?" एवढेच त्यांनी विचारले.

पाच घरांत सहावा अंक मावला नाही आणि यंत्राने डावीकडचा एक मुकाट्याने टाकून दिला होता. यंत्राने माझीच आज्ञा पाळली होती. त्या गृहस्थांच्या आयुष्यभराच्या पुंजीवर मी नकळत पाणी सोडले होते, आणि दोष एका निष्पाप माणसावर ठेवला होता. ज्या सर्वांसमक्ष बोललो होतो, त्याच सर्वांसमक्ष मी हेडक्लार्कची क्षमा मागितली. त्यांनी माझ्यासाठी चहा मागविला.

माझ्या कोत्या नजरेचीच जागतिक आवृत्ती पुढे १९९९ साली पाहिली. जागा वाचविण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे दोनच अंक ठेवलेले होते. २००० साल यंत्राला १९०० वाटू नये म्हणून जगभर दुरुस्ती करावी लागली, आणि त्या कामात भारतीय अभियंत्यांचा वाटा मोठा होता. हे लिहिले तेव्हा ते इतकी वर्षे चालेल, असे लिहिणाऱ्यांना वाटलेच नव्हते. पुढे एप्रिल २०२० मध्ये, महामारीत बेरोजगारांच्या अर्जांखाली जुन्या यंत्रणा दबल्या, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले. आजही जगातील अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांच्या तळघरात ही भाषा निमूट राबते आहे.

आमच्या भागात याचे एक घरगुती उदाहरण आहे. श्रीरामपूर शहर वाढले, बाजारपेठ तिकडे गेली, पण तिथल्या रेल्वे स्थानकाला आम्ही लहानपणापासून बेलापूर म्हणूनच ओळखत आलो. नातू मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवितो, तेव्हा मला ते स्थानक आठवते.

वडिलांच्या लाल बासनातल्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. परवा नातवाने एक उघडली आणि विचारले, "आजोबा, या रकान्यात एवढी जागा कोरी का सोडली आहे?"

मी म्हणालो, "रक्कम कधी मोठी होईल, ते सांगता येत नाही बाळा."