कडवंचीचं पाणी आणि माळावरचा वणवा

मुलांनो, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पण या सोन्याच्या पाळण्याला पाण्याची ओढ नेहमीचीच! २०१२ च्या दुष्काळाबद्दल घरी आजी-आजोबांना विचारा. विहिरी आटल्या, टँकर लागले. लेकरासारख्या जपलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या.

त्या वर्षीही जालना तालुक्यातल्या एका गावानं आपल्या द्राक्षबागा जगवल्या. ते गाव म्हणजे कडवंची. आमच्या वर्गाची सहल यंदा तिथंच गेली.

कडवंचीला किल्ला नाही, लेणी नाहीत. पाहायचे ते चर, बांध आणि शेततळी! १९९६ साली इथं पाणलोट विकासाचं काम सुरू झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची त्याला साथ होती. गावकऱ्यांनी उतारावर समतल चर खणले, शेतांना बांध घातले, ओढ्यांवर बंधारे बांधले. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवायचं, एवढंच त्यामागचं साधं गणित. मुरलेलं पाणी विहिरींना आलं, पुढं शेततळी झाली आणि द्राक्षाचे मांडव उभे राहिले.

परतीच्या वाटेवर मात्र दुसऱ्याच एका गावचा माळ दिसला. सगळा काळाठिक्कर! “बाई, इथं एवढी मोठी होळी कुणी केली?” एका मुलीनं विचारलं. मुलं हसली, पण प्रश्न खरा होता. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. कुणी विडीचं थोटूक टाकतं, कुणी बांध पेटवून घरी जातं, तर कुणी ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणून मुद्दाम काडी लावतं.

आता कडवंचीचं गणित इथं मांडून पाहा. गवत जळालं की माती उघडी पडते. पहिल्याच जोरदार पावसात ती वाहून जाते आणि खालच्या चरात, बंधाऱ्यात गाळ साचतो. मग पाणी मुरणार कुठं? शिवाय टिटवी, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात. त्यांनी जायचं कुठं?

त्यात हवामानही बदलतंय. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. उन्हाळे तापतात, गवत लवकर वाळतं आणि एका ठिणगीचा वणवा होतो. पाऊसही पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या मराठवाड्यात घोटभर पाण्यासाठी वणवण झाली, तिथंच सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्यात गेली.

“पण आपण लहान. आपलं कोण ऐकणार?” हा पुढचा प्रश्न. तेव्हा मी रिधिमा पांडेची गोष्ट सांगितली. ती उत्तराखंडची. तिथं दर उन्हाळ्यात चीड वृक्षांची जंगलं पेटतात. २०१७ साली, अवघ्या नऊ वर्षांची असताना, तिनं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. पुढं २०१९ मध्ये ती आणि इतर पंधरा मुलं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे गेली. दोन्हीकडे त्यांचा अर्ज नामंजूर झाला. पण एका देशाच्या धुराची झळ परदेशातल्या मुलांना बसली, तर त्या देशाला जबाबदार धरता येतं, हे त्या समितीनं २०२१ मध्ये मान्य केलं. मुलांनी विचारलंच नसतं, तर हे उत्तर मिळालं असतं का?

आमच्या मुलांनी मग सरपंचांना पत्र लिहिलं. त्यात तीनच प्रश्न होते. होळीच्या आधी माळाभोवती जाळपट्टा कोण काढणार? म्हणजे गवत कापून मोकळी पट्टी ठेवायची, आग तिथंच अडते. आग दिसली तर कुणाला कळवायचं? आणि बांध पेटवणाऱ्याला कोण समजावणार? हे पत्र २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं, अशी विनंती शेवटी केली.

मतदानाला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. प्रश्न विचारायला नाही! तुमच्या गावच्या माळाची काळजी कोण घेतं, आज घरी विचारा. आणि आई-बाबांनो, उत्तर माहीत नसेल तर मुलांचं बोट धरून ग्रामसभेला जा.