नवार्णाचा विनियोग

सोलापुरात शारदीय नवरात्रात देवीचे नाव दोन तऱ्हांनी घेतले जाते. रूपाभवानीच्या देवळापुढील रांगेत, आणि पुढे कोजागरीला तुळजापूरची सुमारे ४५ किलोमीटरची वाट पायी चालणाऱ्यांच्या गर्दीत, ‘आई राजा उदो उदो’ हा गजर मोकळ्या गळ्याने उठतो. त्याच सुमारास अनेक घरांत घटाशेजारी मांडलेल्या चौरंगावर देवीमाहात्म्याची, म्हणजेच सप्तशतीची, पोथी उघडली जाते आणि पाठाच्या आधी व नंतर नवार्ण मंत्राचा जप ओठांतल्या ओठांत होतो. गजराला पूर्वतयारी लागत नाही. मंत्राला ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती आणि कीलक अशी सारी मांडणी लागते, आणि ‘हा मंत्र कशासाठी व कसा योजायचा’ हे सांगणाऱ्या या मांडणीलाच विनियोग म्हणतात. नवार्णाचा अर्थ शोधणाऱ्याने कोशाकडे वळण्यापूर्वी या विनियोगाकडे वळावे, असे येथे प्रतिपादन आहे.

‘अर्ण’ म्हणजे अक्षर; ‘ऐं ह्रीं क्लीं चामुंडायै विच्चे’ या मंत्रात ऐं, ह्रीं, क्लीं, चा, मुं, डा, यै, वि, च्चे अशी नऊ अक्षरे असल्याने तो नवार्ण ठरला. प्रत्यक्ष जपात आरंभी ॐकार येतो, मग अक्षरे दहा होत नाहीत काय, ही शंका नव्या साधकाला हटकून येते. ॐकार हे मंत्राचे द्वार असून अंग नव्हे, म्हणून तो मोजणीत धरत नाहीत, असे तिचे परंपरागत उत्तर आहे. ऐं हे वाग्बीज महासरस्वतीचे, ह्रीं हे मायाबीज महालक्ष्मीचे आणि क्लीं हे कामबीज महाकालीचे मानले जाते. चामुंडा हे नाव सप्तशतीच्या सातव्या अध्यायातील आहे: अंबिकेच्या कपाळातून प्रकटलेली काली चंड आणि मुंड या दैत्यांचा वध करते, म्हणून तिला ते मिळते, आणि मंत्रात ते चतुर्थी विभक्तीत, म्हणजे ‘चामुंडेला’ अशा अर्थाने, येते. राहिले ‘विच्चे’. येथे व्याकरण हात टेकते.

टीकाकारांनी मात्र हात टेकले नाहीत. अठराव्या शतकातील भास्करराय यांची ‘गुप्तवती’ ही टीका सप्तशतीला कथेपेक्षा मंत्रग्रंथ म्हणून वाचते, आणि या वळणाच्या विवरणांत तीन बीजे म्हणजे चित्, सत् व आनंद आणि ‘विच्चे’ म्हणजे अविद्येची गाठ सोडण्याची प्रार्थना, असा उलगडा रूढ आहे. तो मननाला मोठाच आधार देतो, परंतु त्याला अनुवाद म्हणता येणार नाही, कारण अनुवादाला मूळ शब्दाचा आधीच ठरलेला अर्थ लागतो आणि बीजाक्षराला तसा अर्थ नसतो. ते ज्या देवतेसाठी योजावे, तिचे होते. अलीकडच्या पुस्तिकांत ‘मंत्राचा सोपा अर्थ’ म्हणून जे एक वाक्य छापलेले असते, ते वाचून मंत्र कळला असे वाटणे हा या विषयातील सर्वांत सुलभ गैरसमज होय.

अर्थ प्रथम कोठे जाणवतो, तर बोटांवर. करन्यासात, म्हणजे मंत्राचे भाग हातावर स्थापन करण्याच्या क्रियेत, ‘ऐं’ म्हणताना तर्जनी अंगठ्यावरून फिरते. मग अंगठा ‘ह्रीं’ला तर्जनीवरून, ‘क्लीं’ला मधल्या बोटावरून, ‘चामुंडायै’ला अनामिकेवरून आणि ‘विच्चे’ला करंगळीवरून जातो, आणि अखेरीस संपूर्ण मंत्राने दोन्ही तळहात व त्यांच्या पाठी एकमेकांना स्पर्श करतात. त्यानंतरच्या अक्षरन्यासात नऊ अक्षरे सुटी होतात: पहिले शेंडीच्या जागी, पुढची दोन उजव्या व डाव्या डोळ्यावर, चा आणि मुं कानांवर, डा आणि यै नाकपुड्यांवर, वि मुखावर आणि च्चे गुह्यस्थानी. देवीचे नाव येथे चार इंद्रियद्वारांत वाटले जाते आणि नाव म्हणून उरतच नाही. बाहेरचे जग ज्या वाटांनी आत येते त्या प्रत्येक वाटेवर एकेक अक्षर बसवून मगच जपाला आरंभ करावा, ही योजना ज्याच्या हाताने नीट झाली, त्याला ‘विच्चे’ म्हणजे काय हा प्रश्न पूर्वीइतका छळत नाही.

उच्चाराबाबत सोलापूरची स्वतःची अशी एक अडचण आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात आणि तिघींची जीभ वेगळी आहे. ‘ह्रास’चा ‘ऱ्हास’ करणारी मराठी जीभ ‘ह्रीं’चेही सहज ‘ऱ्हीं’ करते. आधी ह आणि मग र, हा क्रम जाणीवपूर्वक राखावा लागतो. मराठीत च दोन प्रकारे उच्चारला जातो, तेव्हा ‘चामुंडायै’तील च ‘चाक’मधला नसून ‘चार’मधला आहे हे शिकवावे लागते; तेलुगूच्या देशी शब्दांतही दंत्य च असल्याने त्या घरांतही हीच खबरदारी लागते, आणि कन्नड घरांत मात्र ही अडचण बहुधा उद्भवतच नाही. जप वेगात आला की ‘विच्चे’तील जोड च सुटून नुसते ‘विचे’ उरते, हा दोष तिन्ही भाषांत समान आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत घाईने म्हणणारा आणि अर्थ न जाणणारा हे दोघे एकाच यादीत येतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सप्तशती हा मार्कंडेय पुराणाचा तेरा अध्यायांचा भाग आहे, आणि मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानणारा पद्मशाली विणकर समाज सोलापुरात मोठा आहे. नारळी पौर्णिमेला शहरातून मार्कंडेयांचा रथ निघतो. ज्या ऋषींच्या तोंडी देवीमाहात्म्य आहे, त्यांचाच रथ ओढला जाणारे शहर नवार्णाच्या विचाराला परके नाही. पाठाचा क्रम असा की कवच, अर्गला आणि कीलक ही स्तोत्रे म्हणून झाल्यावर नवार्णाची १०८ जपांची एक माळ होते, मग रात्रिसूक्त, तेरा अध्याय व देवीसूक्त, आणि पुन्हा एक माळ. दोन्ही बाजूंनी असे झाकण घालण्याला संपुट म्हणतात. ग्रंथातील ७०० ही संख्यासुद्धा योजनेचीच आहे: ५३५ पूर्ण श्लोक, ४२ अर्धे श्लोक, ६६ खंड आणि ‘ऋषी म्हणाले’ यासारखी ५७ उवाच-वाक्ये मिळून ती भरते. सप्तशतीच्या मंत्रांनी होणाऱ्या चंडीहोमात या उवाच-वाक्यांनाही स्वतंत्र आहुती पडते. ज्या वाक्यात केवळ कोण बोलतो एवढेच सांगितले आहे, त्यालाही मंत्राचा मान मिळतो. कथा वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण होमाला बसलेल्याला यात काही अडत नाही.

नवार्णाकडे बहुतेक जण येतात ते इच्छा घेऊन, आणि क्लीं हे कामबीजच असल्याने त्यात शास्त्रविरुद्ध काही नाही. संकल्पात यजमानाचे नाव, गोत्र आणि कामना स्पष्ट उच्चारली जाते. बाजारातील पुस्तके येथेच थांबतात आणि कोर्टाच्या कामासाठी किती पाठ, लग्न जुळण्यासाठी किती, असे कोष्टक देतात. त्यांत सहसा गाळले जाते ते जपसमर्पण. माळ पूर्ण झाल्यावर पळीभर पाणी हातात घेऊन झालेला सर्व जप देवीच्या डाव्या हाती अर्पण करण्याचा विधी आहे. पुरुषदेवतेच्या बाबतीत तो उजव्या हाती होतो. संकल्पात मागितलेले काय द्यायचे ते यानंतर देवीने ठरवायचे असते, आणि पाठकाने दक्षिणा घेतली असली तरी जप त्याच्या खात्यावर राहत नाही. समर्पण विसरून उठलेल्या पाठकाला जुने गुरुजी पुन्हा आसनावर बसवून हातावर पाणी घालतात, ते याच कारणाने.