पहारा चुकवणारी गाठ

जाऊबाईंच्या मानेतली गाठ तीन आठवड्यांत लिंबाएवढी झाली. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. "एवढे उपवास केले, तरी अंगातल्या लढणाऱ्या पेशींना ही दिसली कशी नाही?"

डॉक्टरांनी समजावलं. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडते, टी-पेशी ते तपासतात. (आपण धान्य ताटात पसरून निवडतो, तसंच.) या गाठीतल्या पेशी पुष्कळदा बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन गमावतात, मग तुकडा बाहेर दिसतच नाही. असं लपवणाऱ्यांना नॅचरल किलर पेशी मारतात, पण त्यांना पकडीला लागणारं सीडी-५८ही अनेकदा गेलेलं असतं. त्यातून या मूळच्या बी-पेशी, म्हणजे पहारेकऱ्यांतल्याच!

"मला वाटलं, माझ्याच व्रतात काही चुकलं," जाऊबाई म्हणाल्या. केमोच्या दिवशी अष्टमी होती. दिवस मावळायच्या आत त्यांनी वाटीभर मुगाची खिचडी खाल्ली.