फाटे

उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते. कान लोंबते, पाय उंच, आणि जुळी करडे देण्याबद्दल तिचे नाव महाराष्ट्रभर आहे. दुष्काळात गाय-बैल विकले जातात, पण शेळी दारात राहते, कारण ती बाभळीच्या शेंगांवरही दिवस काढते. १९८२ साली लातूर हा वेगळा जिल्हा झाला. शेळीला ते कुणी कळवले नाही. उदगीरच्या माळावर चरणारीही उस्मानाबादी आणि तुळजापूरच्या डोंगरात चरणारीही उस्मानाबादीच. पुढे २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी धाराशिव झाले. तेही तिला कुणी कळवले नाही. एका मोबाईल अ‍ॅपने मात्र शेळीचेही नाव बदलून टाकले, आणि आमचा या गोष्टीशी संबंध तिथून सुरू झाला.

आम्ही दोघी बहिणी. थोरली पुण्यात आठ वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत होती. करोनात घरी आली ती परत गेली नाही. धाकटी इथेच शिकली. घराच्या माडीवर दोन संगणक मांडून आम्ही लहानसहान कामे करतो. अब्बांचा सारा जन्म शेळ्या-मेंढ्यांच्या व्यापारात गेला. रुमालाखाली बोटे धरून सौदा करणारी ती पिढी. आमचे शिक्षण त्याच बोटांवर झाले. म्हणून शेळ्यांचे अ‍ॅप आमच्याकडे आले तेव्हा घरात सर्वांना ते सोयरिकीसारखे वाटले.

अ‍ॅप होते महिला बचत गटांचे. कोणत्या बाईकडे किती शेळ्या, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर कोणता, कधी व्याली, कधी विकली याची नोंद. मुख्य काम लसीची आठवण देण्याचे. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यावी लागते, कारण पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत भरमसाट खाल्ले की हा रोग उसळतो आणि चांगली धडधाकट करडे रातोरात जातात. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर. हे हिशेब अ‍ॅप ठेवायचे आणि वेळ आली की बाईच्या फोनवर घंटा वाजायची. ज्यांना वाचता येत नाही त्याही घंटा ओळखत. घंटा वाजली की पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला जायचे, एवढे त्यांना ठाऊक होते.

२०२४ च्या पावसाळ्यात लोहारा तालुक्यातल्या एका वाडीवर घंटा वाजलीच नाही. नऊ करडे दगावली. ती लसीअभावीच गेली असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि आम्हीही म्हणणार नाही. पण त्या वाडीवरच्या बाईने गटाच्या बैठकीत फोन सर्वांपुढे ठेवला आणि विचारले, "औंदा ह्यो का बोलला न्हाई?" कुणाकडे उत्तर नव्हते. ज्या तरुणाने अ‍ॅप लिहिले होते तो परदेशी गेलेला. मग ते सामान आमच्या माडीवर आले.

कोड उघडला तर एकच फंक्शन ४१२ ओळींचे. त्यात इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी इफ. जनावर हयात आहे का, असेल तर मादी आहे का, असेल तर गाभण आहे का, दात किती, जिल्हा कोणता, तालुका कोणता, भाषा कोणती, फोन जुना की नवा. प्रत्येक प्रश्नापाशी रस्ता फुटतो. धाराशिवहून सोलापूरला जाणारा रस्ता सरळ आहे. त्यावर कुणी दर फर्लांगाला एक फाटा काढला आणि एकाही फाट्यावर पाटी लावली नाही तर प्रवाशाचे जे होईल ते आमचे झाले. अब्बा मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ओळी उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर जाताना दिसतात. म्हणाले, "रस्ता तो एकीच है ना बेटा? फिर इत्ते फाटे काय कू?"

फाटे मोजण्याचे शास्त्र आहे. थॉमस मॅकेब या अमेरिकन गणितज्ञाने १९७६ साली एक निबंध लिहून ते मांडले. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी असे त्याचे भारदस्त नाव. अर्थ सोपा आहे. फंक्शनमध्ये एकही फाटा नसेल तर आकडा एक. जितके निर्णय तितके आकडे वाढतात. दहाच्या पुढे गेले की सावध व्हावे, असे मॅकेबने सुचवले. कोटलिन भाषेतल्या कोडसाठी डिटेक्ट नावाचे मोफत साधन आहे. ते चालवले तर आमच्या त्या फंक्शनचा आकडा आला ६३.

मॅकेबच्या मोजणीत एक खोट आहे, ती सांगायला हवी. एकामागून एक ठेवलेले दहा इफ आणि एकाच्या पोटात एक असे दहा इफ, दोघांचा आकडा सारखाच येतो. वाचणाऱ्याच्या डोक्याला मात्र दुसरा प्रकार कितीतरी जड. उलट वीस पर्यायांची साधी सरळ यादी असली तरी आकडा वीसवर जातो, आणि ती यादी शेंबडे पोरही वाचेल. म्हणून सोनारसोर्स या कंपनीने पुढे कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे दुसरे माप काढले. त्यात जितके खोल शिराल तितका दंड जास्त. आमच्या फंक्शनला या मापाने काय आकडा आला तो इथे लिहीत नाही. तो पाहून धाकटी हसत सुटली होती.

आकड्यांवरून एवढे कळते की घर कुठे पडके आहे. डागडुजी कुठून सुरू करायची ते आणखी एका नोंदीवरून कळते. कोणती फाइल कितीदा बदलली याचा इतिहास गिट राखून ठेवते. गुंतागुंतीचा कोड कुणी हात न लावता वर्षानुवर्षे पडून असेल तर तो सहसा त्रास देत नाही. गुंतागुंतीचा आणि वारंवार बदलला जाणारा, तोच घात करतो. अ‍ॅडम टॉर्नहिल या स्वीडिश लेखकाने हा विचार चांगला मांडला आहे. आम्ही इतिहास काढला. लसीची फाइल दोन वर्षांत ४७ वेळा बदललेली, आणि त्यातले बरेच बदल २०२३ च्या फेब्रुवारीनंतरचे.

त्या महिन्यात, २४ तारखेला, उस्मानाबादचे धाराशिव करण्यास केंद्राची मंजुरी आली. सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि तालुक्यांसाठी राज्याची अधिसूचना निघाली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. या प्रत्येक वळणावर अ‍ॅपच्या कोडमध्ये एक-एक इफ वाढला होता. जिल्हा उस्मानाबाद असेल तर असे, धाराशिव असेल तर तसे. मग कधीतरी घाईत, शोधा आणि बदला ही आज्ञा देऊन उस्मानाबाद हा शब्द दिसेल तिथे धाराशिव केलेला. त्या झपाट्यात शेळीची जात 'धाराशिवी' झाली. अशी जात कोणत्याही सरकारी यादीत नाही, त्यामुळे त्या नोंदी यादीशी जुळेनात. म्हणून त्यासाठी पुन्हा एक इफ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिलेला उस्मानाबाद मात्र बदलायचा राहिला आणि तो सात पायऱ्या खोल एका फाट्यावर उभा होता. नवीन नोंद झालेली शेळी धाराशिव जिल्ह्याची. ती त्या फाट्यावर पोचली की तिला ओळख पटत नसे आणि घंटा गप्प राही. लोहाऱ्याच्या त्या वाडीवरच्या साऱ्या नोंदी २०२३ च्या डिसेंबरातल्या, म्हणजे नव्या नावाच्या.

ज्याने हे लिहिले त्याला दोष देणे सोपे आहे. पण ४७ बदल करताना प्रत्येक वेळी त्याला कुणीतरी 'आजच पाहिजे' म्हटले असणार, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

रिफॅक्टरिंग म्हणजे कोड बाहेरून जे काम करतो ते तसेच ठेवून त्याची आतली रचना सुधारणे. मार्टिन फाउलरचे या विषयावरचे पुस्तक १९९९ चे. आता गंमत अशी की आमचे फंक्शन नेमके काय काम करते हेच कुणाला सांगता येत नव्हते. त्यावर मायकेल फेदर्सची २००४ मधली युक्ती कामी आली. आधी कोडला हात लावायचा नाही. खऱ्या नोंदी त्यात घालायच्या आणि जे बाहेर पडेल ते, चूक असो की बरोबर, चाचणी म्हणून लिहून ठेवायचे. आम्ही आठही तालुक्यांतल्या मिळून १४० नोंदी निवडल्या. तीन आठवडे यातच गेले. गटाच्या बायका विचारत, झाले का? आम्ही सांगत असू, अजून मोजतोय. चूक उत्तरांपुढे तांबडी खूण केली. ती शेवटी, वेगळ्याने दुरुस्त करायची. रचना बदलणे आणि चूक सुधारणे एकाच दिवशी करू नये, नाहीतर काय कशाने झाले ते कळत नाही.

मग फाटे मिटवायला घेतले. जनावर हयात नसेल तर फंक्शनच्या दारातूनच परत पाठवायचे, आत सात पायऱ्या उतरवायचे नाही. अशा चार तपासण्या दारात आणल्या तर कोड निम्मा डावीकडे सरकला. फोनचा आणि भाषेचा विचार लसीच्या हिशेबात कशाला? तो दाखवण्याच्या भागात गेला. एका फंक्शनची अकरा झाली आणि सर्वांत मोठ्याचा आकडा आठ आला.

जिल्ह्याच्या नावापाशी आमचा दोघींचा वाद झाला. धाकटीचे म्हणणे, जन्मदाखल्यावर आपले गाव उस्मानाबाद आहे, अ‍ॅपमध्ये कंसात तरी राहू द्या. थोरलीचे म्हणणे, ही बायकांची शेळ्यांची वही आहे, आपल्या मनातले तिच्यात लिहायचे नाही. आमच्या घरात दोन्ही नावे नांदत आली आहेत. दादीमाँ खेड्यातली, तिच्या तोंडी धाराशिवच असायचे. अब्बांच्या पावतीपुस्तकावर उस्मानाबाद. वाद सुटला तो वेगळ्याच दिशेने. जिल्ह्याचे नाव बदलले तरी गाड्यांवरचा एमएच २५ बदलला नाही, शहराचा पिनकोड ४१३५०१ बदलला नाही. मग हिशेबात नाव वापरायचेच कशाला? प्रत्येक जिल्ह्याला एक न बदलणारा क्रमांक दिला आणि नावे वेगळ्या तक्त्यात ठेवली, कोणते नाव कोणत्या तारखेपासून ते लिहून. २०१९ च्या विक्रीच्या कागदावर उस्मानाबाद येते, आजच्या कागदावर धाराशिव. २०२० चे ९३ वे साहित्य संमेलन आपल्या गावी भरले ते उस्मानाबादचे संमेलन म्हणूनच नोंदले गेले आहे, तसेच हे. शेळीची जात स्वतंत्र रकान्यात गेली आणि ती पुन्हा उस्मानाबादी झाली. जिल्ह्याच्या नावावरचे चौदा इफ एका दुपारी गेले. त्या दिवशी आमच्याकडे बिर्याणी झाली, कारण विचाराल तर अम्मीने केली म्हणून.

तांबड्या खुणांच्या चुका नंतरच्या महिन्यात निस्तरल्या. २०२५ च्या मे महिन्यात आठही तालुक्यांत घंटा वाजल्याची नोंद आमच्याकडे आली. तशी नोंद ठेवायची सोय पूर्वी नव्हती. वजनावरून किंमत काढणारे एक फंक्शन अजून १९ वर आहे. त्याला कुणी दोन वर्षे हात लावलेला नाही, आम्हीही लावला नाही.

राहिले दात. शेळीचे वय दातांवरून धरतात. दुधाचे दात असतील तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी पुरी जुळलेली. कोडमध्ये यासाठी पाच पायऱ्यांचा जिना होता. आम्ही त्याचा साधा तक्ता केला, दात एका बाजूला आणि वय दुसऱ्या बाजूला, आणि कागदावर छापून अब्बांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट फिरवले. सारे ठीक म्हणाले. मग कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिले आणि विचारले, "जिसका दांत टूटा है, उसका खाना किधर है?"

तो रकाना आम्ही त्याच रात्री घातला.