जीर्ण वस्त्रांची वारसनोंद

हाताने विणलेल्या वस्त्राचे आयुष्य आपल्याकडे बहुधा दोन वाटांनी संपते. साधे सुती लुगडे असेल तर त्याचे जुनेर होते, जुनेराची दुपटी आणि बाळोती होतात, आणि अखेरीस ते पोतेऱ्याच्या रूपाने घराच्या सेवेतच झिजून जाते. हा अंत मला सार्थ वाटतो. जरीचे वस्त्र मात्र फडताळात सन्मानाने राहते आणि ज्या पिढीला ते नेसायचे नसते तिच्या ताब्यात आले की एके दिवशी बोहारणीच्या गाठोड्यात, नाहीतर जुनी जर विकत घेणाऱ्याच्या तराजूत जाऊन पडते. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. पदर जाळला की रेशीम नाहीसे होऊन धातू उरतो आणि व्यवहार तेवढ्याच वजनाचा होतो. ज्या मौल्यवान द्रव्याने विणकराने आपले वस्त्र शोभिवंत केले, तेच त्या वस्त्राच्या नाशाला कारण व्हावे, याचे मला अतोनात दुःख होते.

म्हणूनच पुण्याच्या जुन्या बाजारात, लोखंडी अवजारे, पितळी भांडी आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या पसाऱ्यात कपड्यांचे बोचके दिसले की मी तेथे थांबते. क्रोशाचे रुमाल, कशिदा काढलेली कुंची, गुळेदगुड्डच्या खणाची उसवलेली चोळी, क्वचित साडीपासून कापून वेगळा केलेला पैठणीचा काठ, असा बेवारशी ऐवज तेथे हाती लागतो. हातकामाची पारख करायची तर कापड उलटून पाहावे. अस्सल पैठणीत नक्षीतला प्रत्येक रंगाचा धागा जागच्या जागी हाताने गुंफलेला असल्यामुळे मोर, कमळ वा आसावलीची वेल दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते; यंत्रमागावरच्या नकलेच्या पाठीवर मात्र बहुधा मोकळे सुटलेले किंवा कातरलेले धागे आढळतात.

पैठणच्या वस्त्रांची मागणी पेशव्यांच्या पत्रव्यवहारात आढळते. मागणाऱ्याचे नाव, हवा असलेला रंग, नक्षीचा तपशील हे दफ्तरात टिकते. ज्याने मागावर महिनोन्‌महिने बसून ते वस्त्र सिद्ध केले त्याचे नाव सहसा टिकत नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. परंतु ते संरक्षण आज विणल्या जाणाऱ्या मालाच्या नावाला आहे, बोचक्यात चुरगळलेल्या जुन्या पदराला त्याचा काही उपयोग नाही. त्या अनामिक कसबाचा एकमेव दस्तऐवज म्हणजे ते वस्त्रच होय.

अशा वस्त्राच्या दुरुस्तीत पहिला गुण लागतो तो संयमाचा. सुती कापड असेल तर आतल्या कडेला ओला पांढरा बोळा दाबून रंग सुटतो का ते आधी पाहावे, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात ते हलकेच बुडवावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावे. कारण भिजलेले जीर्ण कापड दोरीवर टांगले तर स्वतःच्याच भाराने फाटते. जरीच्या रेशमाला घरी पाणी लावूच नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, एवढेच पुरे. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेषेवर तुटत जाते, म्हणून घडी मोडून ते स्वच्छ मलमलीसह गुंडाळून ठेवावे. फाटल्या जागेमागे तलम कापडाचा आधार द्यावा आणि त्यावर असे टाके घालावेत, की पुढे अधिक जाणत्या हाताला ते मूळ धाग्याला इजा न करता उसवता यावेत. डिंक लावू नये, यंत्राची शिवण घालू नये. जुन्या जरीचा काळवंडलेला रंग घासून उजळण्याचा मोहही टाळावा, कारण त्या घासण्यात वरचा मुलामाच निघून जातो.

दुरुस्तीचा उद्देश वस्त्र नवे दिसावे हा नसतो, हे मला गोधडीने सर्वांत स्पष्टपणे सांगितले. फाटलेल्या कोपऱ्यातून आत पाहावे तर वरच्या लुगड्याखाली त्याहून जुने लुगडे, त्याखाली एखाद्या धोतराचा वा सदऱ्याचा तुकडा असे थर दिसतात आणि त्या सर्वांना एकत्र बांधणारा धावदोरा कुठे दाट, कुठे विरळ झालेला असतो. तेथे वरचा थर बदलून गोधडी देखणी करणे सोपे असते. पण तसे करणे म्हणजे शिवणारणीची सही पुसून टाकणे होय. मी फक्त उसवलेली कड सांधते आणि पूर्वीच्या कुणी लावलेले ठिगळ तसेच राहू देते, कारण ते ठिगळ लावणारीही त्या गोधडीची एक कर्तीच होती.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रे अशा नित्याच्या वापरातील वस्तू आयुष्यभर वेचून पुण्यात संग्रहालय उभे केले आणि घरगुती वस्तूंनाही इतिहासात स्थान आहे हे सिद्ध केले. तेवढे सामर्थ्य प्रत्येकाच्या ठायी नसेल, पण आपल्या फडताळापुरती जबाबदारी कुणालाही घेता येईल. जुने वस्त्र घराबाहेर काढण्यापूर्वी ते एकदा पूर्ण उलगडावे, घरातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाला ते कुणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगी घेतलेले हे विचारावे, मिळेल तेवढी माहिती साध्या सुती फडक्यावर दोऱ्याने किंवा कागदावर पेन्सिलीने नोंदवून ती त्या वस्त्रासोबत ठेवावी. आणि त्यानंतरही ते द्यायचेच असेल, तर जरीच्या वजनापेक्षा त्याच्या विणीची किंमत जाणणाऱ्या माणसाच्या हवाली करावे.